नववीच्या मुलांना इंग्रजी ऐकून आणि वाचून किती समजते, हे कसे तपासावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न प्रामुख्याने मराठी माध्यमाच्या शाळांत नववीला इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचे आहेत, काही पालकांचेही आहेत. उत्तरे देताना राज्य मंडळाची अशी शाळा डोळ्यांसमोर ठेवली आहे, जिथे इंग्रजी तृतीय भाषा आहे आणि तास संपला की ती मुलांच्या कानावर फारशी पडत नाही.

नववीतच, आणि तीही वर्षाच्या सुरुवातीलाच, ही चाचणी का घ्यायची?

शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंत लागू असतो. तोवर मुलाच्या प्रगतिपत्रकावर आकारिक (वर्षभर चालणारे) आणि संकलित (सत्राअखेरचे) मूल्यमापन मिळून आलेली श्रेणी असते. नववीच्या तुकडीत आजूबाजूच्या चार गावांतल्या शाळांतून मुले येतात. प्रत्येकाजवळ श्रेणी असते, पण त्या श्रेणीवरून इंग्रजी समजण्याबद्दल फारसे काही कळत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे नववीत पाऊल टाकणाऱ्या मुलाने आठ वर्षे इंग्रजीचे तास केलेले असतात. त्या आठ वर्षांत नेमके काय पदरात पडले, हे पुस्तकाचा पहिला धडा उघडण्याआधी पाहून घ्यायला हवे. दहावीच्या सराव परीक्षेत ते कळून फारसा उपयोग नाही, कारण तेव्हा हातात वेळच उरलेला नसतो. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात दोन तास काढा.

मुले धडा खडखडीत वाचतात. मग आकलन वेगळे तपासायची काय गरज?

खडखडीत वाचणे आणि समजणे यांत मोठे अंतर असू शकते. ‘असर’ या देशपातळीवरच्या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या ग्रामीण फेरीत १४ ते १८ वयोगटातली ५७.३ टक्के मुले इंग्रजी वाक्ये वाचू शकली. त्या वाचू शकणाऱ्यांपैकी अर्थ सांगता आला तो सुमारे तीन चतुर्थांश मुलांना. म्हणजे वाक्य नीट वाचणाऱ्या दर चार मुलांमागे एकाच्या हाती नुसता आवाज लागतो, अर्थ लागत नाही. आणि ती साधी, छोटी वाक्ये होती.

गफ आणि टन्मर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाबद्दल एक सोपे सूत्र मांडले. अक्षरांवरून शब्द ओळखता येणे आणि ती भाषा ऐकून समजणे, या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचनाचे आकलन. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्यच येते. प्रकट वाचनात, म्हणजे मोठ्याने वाचून घेताना, आपण पहिली बाजू तपासतो आणि दुसरी गृहीत धरतो. मराठी माध्यमाच्या मुलांमध्ये कच्ची असते ती बहुधा दुसरीच.

ऐकण्याची आणि वाचनाची चाचणी एकत्र घेतली तर चालेल का?

दोन वेगळ्या दिवशी घ्या, पण दोन्ही घ्या आणि निकाल शेजारी शेजारी मांडा. साधारण सारख्या अवघडपणाचे दोन उतारे निवडा, एक ऐकवायला आणि एक वाचायला. ज्या मुलाला ऐकून बरेच कळते पण वाचून कळत नाही, त्याला अक्षर-ध्वनीच्या सरावाची किंवा वाचनाच्या वेगाची गरज आहे. ज्याला वाचून कळते पण ऐकून कळत नाही, त्याची इंग्रजीशी ओळख फक्त कागदावर झालेली आहे. आपल्याकडे अशी मुले भरपूर असतात आणि त्यांत हुशार समजली जाणारीही असतात. ज्याला दोन्हींतून कळत नाही, त्याचा शब्दसंग्रहच तोकडा आहे. तिघांना एकच ‘रेमेडियल’ तास देऊन तिघांचाही फायदा होत नाही.

उतारा पुस्तकातलाच का घेऊ नये? मुलांना तेवढाच दिलासा मिळतो.

शिकवून झालेल्या धड्यावर प्रश्न विचारले की आठवण तपासली जाते. गाईडमधले उत्तर पाठ करून आलेला मुलगा तिथे पूर्ण गुण मिळवतो आणि धडा न समजताही मिळवतो. आकलन तपासायचे तर उतारा न पाहिलेलाच हवा.

अवघडपणा मात्र मोजून ठरवावा. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांच्या अभ्यासानुसार कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. दीडशे शब्दांच्या उताऱ्यात याचा अर्थ होतो तीन अनोळखी शब्द. काही अभ्यासक ९५ टक्क्यांपर्यंत सूट देतात, म्हणजे सात-आठ शब्द. आपण सहज म्हणून निवडलेल्या वर्तमानपत्री उताऱ्यात नववीच्या मुलाला तीस-चाळीस शब्द नवे असतात. तिथे आकलनाची परीक्षा होतच नाही, मुलगा फक्त चाचपडतो. सहावी-सातवीच्या पातळीचा उतारा नववीला दिला तर कमीपणा वाटायचे कारण नाही. सुरुवात तिथूनच करावी लागते.

विषयाचेही भान ठेवा. बर्फात घसरगुंडी खेळण्यावरचा उतारा लातूरच्या मुलाला भाषेमुळे अवघड गेला की बर्फ न पाहिल्यामुळे, हे सांगता येत नाही. उलटा धोकाही तेवढाच मोठा आहे. निफाड-लासलगावच्या शाळेत कांद्याच्या लिलावावरचा उतारा दिला तर मुले उतारा न वाचता बरोबर उत्तरे देतील, कारण बाजार समिती त्यांच्या रोजच्या बघण्यातली आहे. यावर सोपा उपाय असा. शेजारच्या तुकडीतल्या चार-पाच मुलांना उतारा न देता नुसते प्रश्न सोडवायला द्या. ज्यांची उत्तरे त्यांना बरोबर देता येतात, ते प्रश्न काढून टाका.

प्रश्न कसे काढायचे? उताऱ्याखालचे नेहमीचे प्रश्न पुरेसे नाहीत का?

या पानावरचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर हे आहे. आधी पुढचा उतारा वाचा. ‘झिंबुळाच्या काठी एक टपोडा राहत होता. तो रोज सकाळी गुंबरे लवचत असे. एके दिवशी त्याची मिरंडी हरवली.’ आता प्रश्न घ्या. टपोडा कुठे राहत होता? तो रोज सकाळी काय लवचत असे? एके दिवशी काय हरवले? तिन्ही उत्तरे तुम्हाला बरोबर देता आली, आणि त्या उताऱ्याला काही अर्थच नाही.

आपल्या बहुतेक उताऱ्यांखाली असेच प्रश्न असतात. मुले प्रश्नातला एक शब्द उताऱ्यात शोधतात आणि ते आख्खे वाक्य उत्तर म्हणून उतरवतात. त्यांना ही युक्ती वर्षानुवर्षे शिकवलेली असते आणि तिला गुणही मिळत आलेले असतात. त्यात मुलांचा काहीच दोष नाही. पण अशा उत्तरावरून समजले असे मानणे ही त्या मुलाची फसवणूक आहे, कारण पुढे अकरावीत, नोकरीच्या ठिकाणी, औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचताना ही युक्ती कामाला येत नाही.

म्हणून प्रश्न असे काढा की वाक्य उतरवून चालणार नाही. उताऱ्यात ‘रमेश शाळेतून पाच वाजता निघाला आणि घरी पोचायला त्याला चाळीस मिनिटे लागली’ असे असेल तर घरी तो किती वाजता पोचला, हे विचारा. उताऱ्यात एखादी मुलगी छत्री विसरते, ओली होऊन येते आणि आई तिला टॉवेल देते, पण पाऊस हा शब्द कुठेच नाही. मग बाहेर हवा कशी होती, हे विचारा. ‘तो’, ‘तिला’, ‘ते’ अशी सर्वनामे नेमकी कोणासाठी आली आहेत ते विचारा. नववीची कितीतरी मुले इथे अडखळतात आणि उतारा संपेपर्यंत कोण कोणाशी बोलत आहे याचा घोळ होऊन बसतो. एखादा नवा शब्द आजूबाजूच्या वाक्यांवरून उलगडेल असा ठेवा आणि त्याचा अर्थ विचारा. उताऱ्याला चार शीर्षके सुचवून योग्य शीर्षक निवडायला सांगा. सोपे थेट प्रश्न अगदीच टाळू नका. कच्च्या मुलाला पहिली दोन उत्तरे आली की तो तिसऱ्या प्रश्नाला हात घालतो. पण थेट प्रश्नातले शब्दही उताऱ्यातल्या शब्दांपेक्षा वेगळे असू द्या.

दहा प्रश्नांत तीन-चार थेट आणि बाकीचे अर्थ लावायला लावणारे, हे प्रमाण सुरुवातीला ठीक असते.

उत्तर मराठीत लिहिले तर गुण द्यायचे का?

हो, पूर्ण द्यायचे. यावर शिक्षक खोलीत वाद होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजणे आणि लिहून दाखवणे ही दोन कौशल्ये आहेत. ज्या मुलीला उतारा नीट समजला आहे पण इंग्रजीत वाक्य रचता येत नाही, ती इंग्रजीतच उत्तर द्यायच्या अटीपुढे गप्प बसते आणि कोरा कागद देते. तिचे आकलन शून्य आहे असा निष्कर्ष आपण काढतो, आणि तो चुकीचा असतो. उलट न समजता वाक्य उतरवणाऱ्याला तीच अट फायद्याची ठरते.

मंडळाच्या परीक्षेत इंग्रजीतच लिहावे लागते, हे खरे आहे. त्यासाठी लेखनाचा सराव आहेच, तो वेगळा घ्या. निदानासाठी घेतलेल्या चाचणीत मराठीत, खूण करून, चित्र काढून किंवा नकाशावर रेघ ओढून दिलेले उत्तर मोलाचे आहे. शब्दलेखनाच्या चुकांचे गुण इथे कापू नका. मेळघाटात किंवा नंदुरबारमध्ये ज्यांची घरची भाषा कोरकू, भिली किंवा पावरी आहे त्या मुलांसाठी मराठीही शाळेतच शिकलेली भाषा असते. तिथे खुणेची आणि चित्रांची उत्तरे अधिक ठेवा.

ऐकण्याच्या चाचणीत शिक्षकाने स्वतः वाचावे की रेकॉर्डिंग लावावे?

दोन्ही चालते. रेकॉर्डिंगचा फायदा असा की अ तुकडीला आणि ब तुकडीला अगदी तेच ऐकायला मिळते. पण पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली आणि पंख्यांच्या घरघरीत मोबाइलचा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही. अशा वेळी निकालात दिसते ते बाक कुठे आहे, एवढेच. ब्लूटूथ स्पीकर मिळत असेल तर तो वर्गाच्या मध्यभागी ठेवा आणि आधी शेवटच्या बाकावर बसून स्वतः ऐका. तेही जमत नसेल तर शिक्षकाने वाचलेले बरे. वाचताना महत्त्वाच्या शब्दावर जोर देऊन उत्तर सुचवू नये आणि हातवारे करू नयेत.

मजकूर बोलण्यातला हवा. धडा वाचून दाखवणे म्हणजे श्रवण चाचणी नव्हे, कारण धड्याची वाक्ये लिहिण्यासाठी रचलेली असतात. सूचना, फोनवरचा निरोप, दोन मैत्रिणींचे बोलणे, बसस्थानकावरची घोषणा असे काही घ्या. उदाहरणार्थ, शाळेची सहल शुक्रवारऐवजी शनिवारी जाणार, सातऐवजी साडेसहाला फाटकापाशी जमायचे, डबा आणायचा पण पाण्याची बाटली शाळा देणार, अशी साठ-सत्तर शब्दांची इंग्रजी सूचना. यात दोन गोष्टी बदलल्या आहेत आणि एक गोष्ट आणायची नाही. मुलांनी ऐकून छोटा तक्ता भरायचा, ज्यात वार, वेळ, ठिकाण आणि काय आणायचे एवढेच रकाने. ज्यांना सुटे शब्द कळतात ती मुले शुक्रवार लिहितील. ज्यांना वाक्य कळते ती शनिवार लिहितील.

वेग किती ठेवायचा आणि किती वेळा ऐकवायचे?

दोनदा. पहिल्यांदा ऐकवण्याआधी प्रश्न वाचायला एक मिनिट द्या, म्हणजे कशाकडे कान द्यायचा ते कळते. वेग मिनिटाला १०० ते ११० शब्द. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने १९५९ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी सुरू केलेल्या बातम्या नेहमीच्या वेगाच्या दोन तृतीयांश वेगाने आणि सुमारे दीड हजार शब्दांच्या मर्यादेत वाचल्या जात. तो नमुना अजूनही उपयोगी आहे. मात्र शब्द तोडून वाचू नका. वाक्य नेहमीसारखे सलग म्हणा आणि दोन वाक्यांमधली विश्रांती वाढवा.

आमच्या मुलांना नेमके काय ऐकू येत नाही?

अनुभवाने काही जागा ठरून गेल्या आहेत. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत आघाताने फरक पडतो आणि मराठी कान त्या आघाताकडे लक्ष देत नाही. किंमत आणि वेळेच्या प्रश्नांत म्हणूनच इतक्या चुका दिसतात. सहज बोलण्यात ‘कॅन’ आखडून ‘कन’ होतो आणि ‘कान्ट’चा शेवटचा ट जवळजवळ गिळला जातो, त्यामुळे होकार आणि नकार उलटे लागतात. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आपण लिहिताना पाळतो, पण बोलताना क्वचितच पाळतो. ‘मॅन’ आणि ‘मेन’चेही तसेच आहे. शिवाय शब्द एकमेकांना चिकटतात. ‘पिक इट अप’ हे ‘पिकिटप’ असे कानावर येते आणि मूल त्यात एक नवाच शब्द शोधत बसते. वाक्य फळ्यावर लिहिले की तेच मूल म्हणते, ‘सर, हे तर येतं मला.’ त्याला शब्द येत होते, फक्त ते बोलताना कसे ऐकू येतात हे कोणी ऐकवलेले नव्हते.

चुका तपासताना या जागा वेगळ्या नोंदवा. सगळ्या वर्गाची एकच जागा चुकत असेल तर त्यावर दहा मिनिटांचा सराव भरपूर फरक पाडतो.

बहुपर्यायी प्रश्न द्यावेत का?

साठ-सत्तर मुलांच्या तुकडीत तेच परवडतात. एवढे लक्षात ठेवा की चार पर्यायांच्या दहा प्रश्नांत डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी अडीच उत्तरे बरोबर येतात. म्हणून दहापैकी तीन गुणांना ‘थोडे तरी समजले’ म्हणू नये. चुकीचे पर्याय उताऱ्याचा गैरसमज झालेल्या मुलाला पटतील असे असावेत. बरोबर पर्याय नेहमी सर्वांत लांब असू नये. मुले ते लगेच ओळखतात.

ठरावीक अंतराने शब्द गाळून भरायला देण्याची पद्धत कशी आहे?

ही ‘क्लोझ’ पद्धत. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये ती मांडली, मूळ हेतू मजकूर किती वाचनसुलभ आहे हे मोजण्याचा होता. पहिले वाक्य पूर्ण ठेवायचे आणि पुढे दर सातवा शब्द गाळायचा. तयार करायला पाच मिनिटे लागतात आणि मुलाला वाक्याचा ओघ कळतो की नाही हे चांगले दिसते. अर्थाला आणि व्याकरणाला बसणारा कोणताही शब्द बरोबर धरा. मात्र यात व्याकरण बरेच मिसळते, म्हणून एकट्या क्लोझवर निर्णय घेऊ नका.

एखादा प्रश्न चांगला होता की वाईट, हे कसे कळणार?

साठ मुलांच्या तुकडीत एकूण गुणांनुसार वरची १६ आणि खालची १६ मुले घ्या (दोन्ही टोकांचे २७ टक्के घ्यायची जुनी रीत आहे). समजा एका प्रश्नाचे उत्तर वरच्या १६ पैकी १४ जणांचे आणि खालच्या १६ पैकी ५ जणांचे बरोबर आले. नऊ जणांचा फरक आहे, प्रश्न उत्तम. दुसऱ्या प्रश्नात वरचे ७ आणि खालचे ९ बरोबर असतील तर प्रश्नातच खोट आहे. भाषा संदिग्ध असेल किंवा दोन पर्याय बरोबर असतील. त्या प्रश्नाचे गुण सर्वांनाच द्या किंवा प्रश्न रद्द करा. जे प्रश्न टिकले ते जपून ठेवा. तीन वर्षांत शाळेचा स्वतःचा प्रश्नसंग्रह तयार होतो.

शाळेनेच द्यायच्या अंतर्गत २० गुणांत श्रवण असतेच. मग हा जादा खटाटोप कशाला?

२०१९ च्या दहावीच्या परीक्षेला भाषांचे अंतर्गत गुण काढले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. घसरणीला एवढे एकच कारण नव्हते, पण त्या २० गुणांवर आपली किती भिस्त होती ते तेव्हा सगळ्यांनी पाहिले. ते गुण पुष्कळदा न ऐकवताच दिले जातात, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुलाला गुण मिळतात आणि इंग्रजी ऐकण्याची संधी मात्र निघून जाते. हातात असलेली ही तरतूद खऱ्या श्रवणासाठी वापरली तर वेगळा तास मागायचीही गरज पडणार नाही.

अध्ययन अक्षमता असलेल्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलांचे काय?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखी परीक्षेसाठी तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला आहे. प्रमाणपत्र अजून हातात नसले तरी वर्गातल्या चाचणीत तेवढा वेळ देण्याला कोणाची आडकाठी नसावी. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढच्या बाकावर, बोलणाऱ्याचे ओठ दिसतील असे बसवा. ज्या मुलाला ऐकून उत्तम समजते पण वाचताना अक्षरे सतत उलटसुलट होतात, त्याच्या पालकांशी लगेच बोला. नववी हा उशीरच आहे, पण दहावीच्या सवलतींसाठी अजून वेळ असतो.

घरी इंग्रजी कोणालाच येत नाही. पालकांनी काय करावे?

मुलाला रोज दहा मिनिटे सोप्या इंग्रजीतली गोष्ट किंवा बातमी मोबाइलवर ऐकू द्या, आणि नंतर ती मराठीत सांगायला लावा. तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी सांगणारा अडखळतो कुठे ते कळते. ‘मग पुढे काय झालं?’ एवढे विचारले तरी मूल पुन्हा ऐकते.

निकाल हाती आल्यावर पुढे काय, आणि पुन्हा चाचणी कधी?

गुणांची यादी फळ्यावर लावू नका. मुलांना उत्तरपत्रिका परत द्या आणि एक पूर्ण तास त्यावर घालवा. हे उत्तर उताऱ्यातल्या कोणत्या ओळीवरून मिळाले, असे प्रत्येक प्रश्नाला विचारा. श्रवणाचा मजकूर छापून हातात द्या आणि तो समोर धरून तिसऱ्यांदा ऐकवा. कानाला न सापडलेले शब्द डोळ्यांना दिसले की मुलांचे चेहरे बदलतात. त्यानंतर तीन गट करा. वाचन कच्चे, श्रवण कच्चे, शब्द कमी. आठवड्याला एक तास गटवार काम द्या. दुसरी चाचणी दिवाळीच्या सुट्टीनंतर, नवा उतारा घेऊन, पण शब्दसंख्या, अनोळखी शब्दांचे प्रमाण आणि प्रश्नांचे प्रकार तेच ठेवून घ्या. पहिल्या चाचणीतले टिकलेले दोन-तीन प्रश्नप्रकार जसेच्या तसे पुन्हा आले तर तुलना खात्रीची होते.